नांदूरमध्यमेश्वरचे दोन कमळपक्षी : एका तौलनिक अभ्यासाचा अनुभव

नोकरी आणि घर सांभाळून चाळिशीनंतर मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, आणि त्यातल्या प्रकल्पासाठी नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातील दोन कमळपक्ष्यांची तुलना केली. प्रकल्पाची तोंडी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस झाली. हे काम हाती घेतले तेव्हा परवाना कोणाकडे मागायचा, नोंदवहीत कोणते रकाने आखायचे, पावसाळ्यात पूर आला तर पुढे काय करायचे, यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते आणि या वाटेने आधी गेलेल्या कोणाचे मराठीतले लेखनही सापडले नाही. नाशिक परिसरातून पुढे कोणी असे काम करायला निघाले, तर त्यांची धास्ती थोडी कमी व्हावी म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

कमळपक्ष्यांच्या कुळात जगभरात आठ जाती आहेत, त्यांपैकी भारतात दोन आढळतात आणि आपल्या सुदैवाने दोन्ही निफाड तालुक्यातल्या या एकाच पाणथळीत पाहता येतात. पहिला लांब शेपटीचा कमळपक्षी, शास्त्रीय नाव हायड्रोफॅसिॲनस किरर्गस. दुसरा कांस्यपंखी कमळपक्षी, म्हणजे मेटोपिडियस इंडिकस. दोघांचीही बोटे आणि नखे शरीराच्या मानाने विलक्षण लांब असतात. त्यामुळे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि ते तरंगत्या पानांवरून सहज चालतात. दिसायला ते पाणकोंबड्यांसारखे वाटले तरी त्यांचे जवळचे नाते टिटवी, तुतवार यांच्या गणाशी आहे. दोन्ही जातींत मादी नरापेक्षा मोठी असते आणि अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो. साम्य इतके असताना तुलना नेमकी कशाची करायची, हा प्रश्न नोव्हेंबरमध्ये विषय ठरवायला बसलो तेव्हाच समोर आला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्याचे उत्तर एका वाक्यात दिले : "रंग सांगू नका, रंग पुस्तकात आहेत. एकाच पानावर चालणारे हे दोघे एकाच पाण्यात कसे मावतात, ते वर्षभर पाहा आणि सांगा." पुढचे सगळे काम या वाक्याभोवती उभे राहिले.

विषय मान्य झाल्यावर पहिली पायरी परवान्याची होती. नांदूरमध्यमेश्वरला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. पर्यटक म्हणून प्रवेश शुल्क भरून मनोऱ्यावरून पक्षी पाहणे वेगळे आणि तिथे पद्धतशीर अभ्यास करणे वेगळे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात कोणकोणत्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो ते नमूद आहे आणि त्यात वन्यजीवांची पाहणी व अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन ही कारणे येतात. अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो. अर्ज मात्र स्थानिक कार्यालयामार्फत वर जातो. याच कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही समाविष्ट आहे, हे अर्ज लिहिण्याआधी प्रत्येकाने वाचून ठेवावे. घरट्यांचे निरीक्षण हा ज्यांच्या प्रकल्पाचा भाग आहे त्यांच्यासाठी ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे.

मी ४ डिसेंबरला अर्ज दिला. सोबत महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्र व आधारकार्डाच्या प्रती, दोन पानांचा अभ्यास आराखडा आणि मार्गदर्शकांची सही असलेले हमीपत्र जोडले होते. अर्ज टेबलावर ठेवून परत येऊ नये. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, कारण त्यानंतरची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकानेच होते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला की निरीक्षणाच्या जागा दाखवणारा नकाशा आणि महिनावार वेळापत्रक हवे आहे. ते दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले आणि ९ फेब्रुवारीला परवाना हातात पडला. अटी स्पष्ट होत्या : घरट्याजवळ जायचे नाही, पक्ष्यांना बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवायचे नाही, ड्रोन वापरायचे नाही, प्रत्येक वेळी प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत नाव लिहायचे आणि काम संपल्यावर अहवालाची एक प्रत जमा करायची. अर्ज करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की नकाशा आणि वेळापत्रक सुरुवातीलाच जोडा आणि पावसाळ्यातले काम असेल तर अर्ज हिवाळ्याच्या तोंडावरच द्या. दोन महिने वाट पाहण्यात गेले, पण विणीचा हंगाम अजून दूर असल्याने त्यांचा भार जाणवला नाही.

त्या दोन महिन्यांत मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या चापडगावच्या मनोऱ्यांवरून ओळख पक्की करण्याचे काम करता येत होते. नाशिकहून चांदोरी, निफाडमार्गे तिथपर्यंत जायला दुचाकीने सव्वा तास लागतो आणि जाऊन-येऊन साधारण दोनशे रुपयांचे पेट्रोल जाते. एसटीने निफाडपर्यंत येता येते, पण तिथून पुढे सकाळी लवकर वाहन मिळेलच याचा भरवसा नसतो. निफाडच्या थंडीबद्दल नाशिककरांना वेगळे सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान दर हिवाळ्यात बातमीत असते. पहाटे मनोऱ्यावर उभे राहणाऱ्याने बोटे उघडी राहतील असे हातमोजे जरूर न्यावेत, अन्यथा दुर्बिणीचे चाक फिरत नाही आणि पेनही चालत नाही. मी ८ × ४२ ची दुर्बीण साडेनऊ हजारांना घेतली होती. तिपाईवर लावायचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, मात्र महाविद्यालयातून मिळाला आणि त्याच्याशिवाय पुढे घरट्यांचे काम झालेच नसते, इतके अंतर आम्ही ठेवले होते.

हिवाळ्यातली ओळख हा या अभ्यासातला सर्वांत अवघड टप्पा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. पावसाळ्यात या दोन जातींत गोंधळ होणे शक्यच नाही. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे शरीर तेव्हा गडद चॉकलेटी असते, पंख, चेहरा आणि मानेचा पुढचा भाग शुभ्र, मानेची मागची बाजू सोनेरी पिवळी आणि तिला काळ्या रेषेची किनार, आणि मागे कोयत्यासारखी वळलेली लांबलचक काळी शेपटी. कांस्यपंखी मात्र बाराही महिने जवळजवळ एकाच वेषात राहतो : डोके, मान आणि छाती हिरवट झळाळीची काळी, पाठ आणि पंख ऑलिव्ह छटेचे कांस्यवर्णी, आखूड शेपटी तांबूस तपकिरी आणि डोळ्यापासून मानेकडे जाणारी ठसठशीत पांढरी भुवई. विणीचा पिसारा वेगळा आणि इतर काळातला वेगळा, असा स्पष्ट बदल सबंध कुळात फक्त लांब शेपटीच्या कमळपक्ष्यातच होतो. विणीनंतर ती शेपटी गळते, पाठ फिकट तपकिरी होते, पोट पांढरे होते आणि मानेच्या कडेने उतरणारी गडद रेषा छातीवर हारासारखी फिरते. नेमक्या याच काळात कांस्यपंख्याची अपुऱ्या वाढीची पिल्लेही वर तपकिरी, खाली पांढरी आणि आखूड शेपटीची असतात. दूरवर, सकाळच्या धुक्यात, पानावर उभे असलेले हे दोन पक्षी पाहून कोणता कोण हे सांगणे अनुभवी माणसालाही जड जाते.

माझ्यापुरता या गोंधळावर तोडगा निघाला तो धीर धरण्यातून. पक्षी उडेपर्यंत थांबायचे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे पंख कोणत्याही ऋतूत पांढरेच राहतात आणि तो उडाला की पांढरा पट्टा अर्ध्या तळ्यावरून दिसतो; कांस्यपंख्याचे पंख, तो लहान असो वा मोठा, गडदच असतात. पक्षी उडालाच नाही तर छातीवरचा गडद हार आणि चोचीची जाडी पाहायची, कारण कांस्यपंख्याची चोच जास्त भरीव असते. इतके करूनही खात्री झाली नाही तर नोंदवहीत 'कमळपक्षी, जात अनिश्चित' असे लिहायचे. असा रकाना ठेवण्याचा आग्रह मार्गदर्शक बाईंचा होता आणि त्याचे महत्त्व पुढे आकडेमोड करताना कळले. संशयास्पद नोंदी कोणत्या तरी जातीच्या खात्यात ढकलल्या असत्या तर हिवाळ्याची सगळी तुलनाच निरर्थक झाली असती.

परवाना मिळाल्यावर फेब्रुवारीच्या मध्यापासून रीतसर नोंदी सुरू झाल्या. जीन आल्टमन यांनी १९७४ साली प्राणिवर्तनाच्या निरीक्षण पद्धतींवर लिहिलेला निबंध अजूनही या क्षेत्रातला पाया मानला जातो, आणि त्यातल्या क्षणनोंदीच्या पद्धतीनेच मी काम केले. ठरलेल्या पट्ट्यावर दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि दिसेल त्या प्रत्येक कमळपक्ष्याची त्या क्षणीची स्थिती लिहायची : जात, तो कशावर उभा आहे, काठाच्या दाट झाडोऱ्यापासून अंदाजे किती दूर आहे, काय करतो आहे आणि सोबत कोण आहे. 'कशावर' या रकान्यात कुमुदाची पाने, जलपर्णी, शिंगाडा, पाण्याखालच्या वनस्पतींचा वर आलेला थर, पाणकणसाची कड आणि उघडा चिखल असे पर्याय ठेवले होते. अंतराचे अंदाज डोळ्यांनी न करता परवान्याच्या वेळीच कर्मचाऱ्यांच्या परवानगीने ठरवलेल्या खुणांवरून करत होते. एक विशिष्ट बाभूळ, एक खांब, एक बंधाऱ्याचा दगड. सुरुवातीचे काही आठवडे वही भरत होती पण त्यातून काही अर्थ निघेल असा विश्वास मात्र वाटत नव्हता. घरी परतून जेवण आटोपल्यावर रात्री नोंदी संगणकात भरायचे, आणि सासूबाई विचारायच्या, "आज वेगळं काय दिसलं?" पुष्कळदा उत्तर 'काही नाही' असेच असायचे.

वेगळे दिसायला लागले ते मार्चनंतर, आणि त्याला कारण पाणी होते. नांदूरमध्यमेश्वर हा गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा बंधारा आहे, इथूनच गोदावरीचे डावे आणि उजवे कालवे निघतात, आणि वरच्या बाजूच्या गंगापूर, दारणा अशा धरणांतून सोडलेले पाणी इथे येऊन पुढे जाते. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळ पाणी सोडणे, सुरू झाले की पातळी चढते, थांबले की उतरते आणि पानांचे तरंगते मळे कधी फुगतात, कधी चिखलात बसतात. गाळ साठत गेल्याने उथळ झालेले हे पाणी पक्ष्यांना मानवते खरे, पण याच उथळपणामुळे पातळीतला थोडासा बदलही त्यांच्या सबंध अंगणाची रचना बदलून टाकतो. म्हणून मी नोंदवहीत पाण्याच्या पातळीचा रकाना वाढवला. पातळी उतरली की लांब शेपटीचे कमळपक्षी थव्यांनी उघड्या, मोठ्या पाण्याकडे सरकत. कांस्यपंखी त्याच जागी, पाणकणसाच्या आणि जलपर्णीच्या कडेला, एकेकटे किंवा दोघे असे टिकून राहत. पुस्तकात एक जात थव्यात राहणारी आणि दुसरी दाट आडोसा पसंत करणारी असे लिहिलेले असते; तेच वाक्य आठवड्यामागून आठवडा आपल्या वहीत आकार घेताना पाहणे हा माझ्यासाठी फार मोठा आनंद होता.

एप्रिलच्या अखेरीपासून लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांचे रूप पालटू लागले. एकाच थव्यात कोणाच्या मानेवर पिवळा रंग उतरलेला, कोणाची छाती डागाडागांनी काळवंडलेली, कोणाची शेपटी अर्धी वाढलेली, अशी सगळी संक्रमणे दिसत होती. हा काळ छायाचित्रणासाठी उत्तम आहे आणि अभ्यासासाठी गरजेचा आहे, कारण कोणत्या आठवड्यात किती पक्षी बदलाच्या कोणत्या टप्प्यावर आहेत ते एकदा हुकले की वर्षभर थांबावे लागते. मे महिन्याचे ऊन कठीण असते. निरीक्षण सकाळी साडेनऊपर्यंत संपवावे, कारण त्यानंतर पाण्यावरच्या तापलेल्या हवेमुळे स्कोपमधले चित्र थरथरते आणि केलेल्या नोंदी भरवशाच्या राहत नाहीत.

जूनमध्ये पाऊस आला आणि खरे काम सुरू झाले. दोन्ही जातींत मादीच प्रदेश राखते आणि तिचे एकाहून अधिक नरांशी संबंध असतात, हे वाचलेले होते. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी एका हंगामात वेगवेगळ्या नरांसाठी दहापर्यंत वेळा अंडी घालू शकते. प्रत्येक वेळी साधारण चार अंडी असतात, आणि ती घालून झाल्यावर नर त्यांच्यावर सव्वीस ते अठ्ठावीस दिवस बसतो. कांस्यपंख्याबाबत तामिळनाडूतील वेंबनूर इथे स्टुअर्ट बुचार्ट आणि सहकाऱ्यांनी सविस्तर अभ्यास केला होता. एका मादीच्या प्रदेशात चारपर्यंत नर असतात आणि ते नर तिला आपल्याकडे खेचण्यासाठी मोठ्याने ओरडत स्पर्धा करतात, हा त्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला पाठ झाला होता. तरी प्रत्यक्षात, कडेच्या जलपर्णीतून एका नराची कर्कश हाक उठावी, थोड्या अंतरावरून दुसऱ्याने तसेच ओरडावे आणि मग आकाराने ठळक मोठी असलेली मादी त्यांच्यापैकी एकाकडे चालत जावी, हे पाहताना अंगावर काटा आला. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांचा आवाज अगदी निराळा, नाकातून काढलेल्या 'मी-आँव' सारखा, आणि थव्यातल्या पक्ष्यांचा तो दूरवर ऐकू येतो. पावसाच्या दिवसांत दृश्य धूसर असते, त्यामुळे आवाज आधीच पाठ करून ठेवणे फार उपयोगी पडते.

घरट्यांच्या बाबतीत दोघांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसला. लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर, अगदी उघड्यावर, थोडी पाने आणि देठ गोळा करून घरटे करतो. नर उठून बाजूला झाला की मनोऱ्यावरून स्कोपमध्ये त्याची डाग नसलेली, चकचकीत, हिरवट तपकिरी अंडी दिसत होती. कांस्यपंख्याची घरटी कडेच्या दाट वनस्पतींत असल्याने मला एकही सरळ दिसले नाही. नराचे सतत एकाच जागी जाणे आणि तिथून बाहेर येणे यावरून जागा ठरवाव्या लागल्या. त्याच्या अंड्यांवर काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे जाळे असते, ही माहिती मी साहित्यातून घेतली आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले. आणखी जवळ गेल्यास दिसले असते, हे खरे आहे. पण ज्या अभ्यासासाठी पक्ष्याला अंडी सोडून उठावे लागते तो अभ्यास मला नको होता, आणि कायद्यानेही त्याला मुभा नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणांतून विसर्ग वाढला. नाशिकमध्ये गोदावरीच्या पुराचा अंदाज नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बांधण्याची सवय सगळ्यांना आहे. त्याच्या पायाशी पाणी लागले की सायखेडा-चांदोरीकडे नजर ठेवावी आणि नांदूरमध्यमेश्वरचा बेत रद्द करावा, हे मी या हंगामात शिकले. रस्ते सुरक्षित आहेत याची फोनवरून खात्री केल्याशिवाय निघू नये. पाणी ओसरू लागल्यावर मी पोहोचले तेव्हा पट्ट्यावरचे पानांचे मळे जागचे हलले होते आणि जिथे लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची घरटी होती तिथे मोकळे पाणी होते. मी हताश होऊन वही मिटली. तेव्हा वर्षभर सोबत करणारे चापडगावचे मार्गदर्शक दादा म्हणाले, "ताई, एवढ्यात नाव कापू नका. बाप अंडी हलवतो. जरा पलीकडं बघा." त्यांनी दाखवलेल्या दिशेला, काही मीटरवरच्या पानांच्या नव्या गठ्ठ्यावर एक नर बसलेला होता. तो तोच नर होता असे मी अहवालात लिहिलेले नाही, कारण त्याला ओळखण्याची खूण माझ्याजवळ नव्हती. पण या जातीचा नर चोच आणि छाती यांच्यामध्ये अंडे धरून मागे चालत ते दुसरीकडे नेतो, हे नोंदलेले वर्तन आहे, आणि उघड्या, तरत्या जागेवर घर बांधणाऱ्या पक्ष्याला त्याची केवढी गरज पडते ते त्या दिवशी समजले.

पिल्ले दिसू लागल्यावर आणखी एक फरक तपासायचा होता, तो शरीररचनेचा. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याच्या पंखाच्या मुडपावर टोकदार काटा असतो. कांस्यपंख्याला तसा काटा नसतो, त्याऐवजी त्याच्या पंखातले एक हाड पात्यासारखे रुंद झालेले असते. अशीच हाडाची रचना असलेल्या आफ्रिकी कमळपक्ष्याचे नर पिल्लांना पंखांखाली धरून चालत नेतात. धोका वाटला की कांस्यपंखी नर पिल्लांना घेऊन झाडोऱ्यात शिरत होता. आत तो काय करतो ते दिसत नव्हते, म्हणून त्याबद्दल मी फक्त आत जाण्याची नोंद केली. लांब शेपटीचा नर मात्र उघड्यावरच घिरट्या घालून, हाका देऊन घारींना आणि कावळ्यांना हुसकावत होता. लपणारी जात आणि सामना करणारी जात, असा हा फरक सप्टेंबरभर मनोऱ्यावरून दिसत राहिला.

ऑक्टोबरमध्ये क्षेत्रकाम थांबवले आणि टेबलावरचे काम सुरू झाले, जे मला जास्त कठीण गेले. कोणत्या जातीचे पक्षी कोणत्या वनस्पतीवर अधिक दिसले, हे तपासण्यासाठी काय-वर्ग चाचणी (दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते पाहण्याची संख्याशास्त्रातली पद्धत) वापरायचे ठरले होते, पण दर दहा मिनिटांनी घेतलेल्या नोंदींत तोच पक्षी पुन्हा पुन्हा येतो आणि अशा नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. संख्याशास्त्राच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे प्रत्येक सकाळची एकच एकत्रित नोंद करून आकडेमोड केली. नोंदींची संख्या खूप कमी झाली, पण जे उरले त्याबद्दल खात्रीने बोलता येऊ लागले. दुसरे, सबंध वर्षाची सरासरी काढली असता दोन जातींतला फरक पुसट दिसत होता. तेच आकडे महिन्यांनुसार आणि पाण्याच्या पातळीनुसार मांडले तेव्हा चित्र उघडले. हिवाळ्यात आणि पाणी भरपूर असताना दोघे बऱ्याच ठिकाणी एकत्र चरतात. पातळी उतरली की वेगळे होतात. विणीच्या काळात तर एकाचे क्षेत्र उघडी पाने आणि दुसऱ्याचे झाडोऱ्याची कड, अशी जवळजवळ वाटणीच होते. बाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच होते, आणि या पक्ष्यांवर पुढे काम करणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की निदान एक हिवाळा आणि एक पावसाळा असे दोन्ही ऋतू धरल्याशिवाय या दोघांची तुलना करू नये.

लेखनाला तीन महिने लागले. छपाई आणि पक्की बांधणी मिळून प्रत्येक प्रतीला साडेचारशे रुपये पडले. चार प्रती लागल्या : महाविद्यालय, मार्गदर्शक, परवान्याच्या अटीप्रमाणे वन कार्यालय आणि स्वतःसाठी एक. रंगीत छायाचित्रांची पाने वेगळी काढून फक्त तीच रंगीत छापावीत, खर्च बराच कमी होतो. साहित्यचौर्य तपासणीचे प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे, कारण प्रती जमा करण्याच्या आठवड्यात सगळेच विद्यार्थी तिथे रांगेत असतात.

तोंडी परीक्षेची भीती मला परवान्यापेक्षाही जास्त होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिसाऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "जलपर्णी काढून टाकली तर तुमच्या दोन पक्ष्यांपैकी कोणाचे जास्त नुकसान होईल?" हा प्रश्न नाशिकसाठी खरोखर महत्त्वाचा आहे, कारण शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी गोदावरीत सतत वाढते आणि ती काढण्याची मागणी योग्यच आहे. मी माझ्या नोंदी दाखवून सांगितले की सरसकट काढल्यास कांस्यपंख्याचा आडोसा आधी जाईल, आणि काढलीच नाही तर ती कुमुदाची पाने झाकून टाकील व लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची उघडी जागा संपेल. म्हणून काढणी विणीचा काळ टाळून, टप्प्याटप्प्याने आणि पाणकणसाची कड राखून व्हावी. ते काही क्षण नोंदींचा तक्ता पाहत राहिले आणि मग म्हणाले की हा परिच्छेद अहवालाच्या शेवटी आहे, तो पुढे आणा.

तसा बदल करून मी अंतिम प्रत मे महिन्यात वन कार्यालयात जमा केली, पोचपावतीवर आवक क्रमांक घेतला आणि जलपर्णीच्या काढणीबाबतचे दोन पानांचे स्वतंत्र टिपण सोबत दिले. पुढच्या पावसाळ्यात तोच पट्टा त्याच खुणांवरून मोजण्यासाठी नव्या परवान्याचा अर्जही त्याच दिवशी, या वेळी नकाशा आणि वेळापत्रक जोडून, दिला आहे.